नरक्याची मोळी आणि सलाईनची बाटली

प्रति,
मा. पालकमंत्री, सिंधुदुर्ग जिल्हा
तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती,
ओरोस



देवगडचा आंब्याचा टेम्पो नांदगाव, फोंडा करत घाट चढतो आणि दाजीपूरच्या जंगलातून राधानगरी, निपाणीकडे निघून जातो. देवगड-निपाणी रस्ता ही या तालुक्याची पैसा येण्याची वाट. त्याच घाटमाथ्यावर आणि दक्षिणेकडे आंबोली, दोडामार्गच्या रानात एक बेताच्या उंचीचे झाड उभे असते. फुले दिसायला साधी, पण वासाने नाक मुरडावे अशी. नाव नरक्या, काही भागांत अमृता. हापूस पेटीत बसून, पावतीसकट घाट चढतो. नरक्या रात्री निघतो, पोत्यात, कोयत्याने तुकडे करून.

मग कधीतरी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन परिच्छेदांची बातमी येते. अमुक किलो नरक्या जप्त, वाहन ताब्यात, वनखात्याची कारवाई. शेवटी ठरलेले वाक्य असते: या वनस्पतीचा उपयोग कर्करोगावरील औषधासाठी होतो. तिथे बातमी संपते. हे खुले पत्र त्या शेवटच्या वाक्याविषयी आहे, कारण गेली कित्येक वर्षे जिल्ह्यात कुणी ते वाक्य पुढे नेलेले नाही.

या लाकडात जे सापडते त्याला कॅम्प्टोथेसिन म्हणतात. मुंबईत गोरेगावच्या सिबा रिसर्च सेंटरमध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन या रसायनशास्त्रज्ञांनी 1972 मध्ये ते नरक्यातून वेगळे करून दाखवले. त्याआधी ते एका चिनी झाडात मिळाले होते, पण फारच थोडे. नरक्याच्या वाळलेल्या लाकडात ते साधारण हजारात एक भाग निघते. म्हणजे किलोमागे एक ग्रॅम. ऐकायला चिमूटभर वाटेल. पण याच रेणूपासून बनणाऱ्या टोपोटेकान या औषधाचा एका रुग्णाचा पाच दिवसांचा एक फेरा दहा-बारा मिलिग्रॅममध्ये होतो. काढताना, बदलताना निम्मे वाया गेले तरी एक किलो लाकूड कितीजणांना पुरेल याचा हिशेब आपले खाते सहज करू शकेल.

चिनी झाडातून हा रेणू पहिल्यांदा काढणाऱ्या दोघांपैकी एक माणूस महाराष्ट्रातला होता, हे इथल्या शाळेच्या पुस्तकात सापडत नाही. मनसुख वाणी. जन्म 1925, नंदुरबार. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी., मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट. 1962 मध्ये ते नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याकडे रुजू झाले. अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था तेव्हा जगभरच्या झाडांच्या साली, पाने, मुळे गोळा करून तपासत होती. त्यातली काही पोती या दोघांच्या वाट्याला येत. 1966 मध्ये त्यांनी कॅम्प्टोथेसिनची रचना प्रसिद्ध केली. 1971 मध्ये दुसऱ्या एका सालीतून दुसरा रेणू. ती साल पॅसिफिक यू या सावकाश वाढणाऱ्या झाडाची, आणि तो रेणू टॅक्सॉल. आज स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगात देशातल्या जवळजवळ प्रत्येक केमोथेरपी वॉर्डात जे पॅक्लिटॅक्सेल टांगलेले असते, ते हेच. एका माणसाच्या हातून असे दोन रेणू निघणे ही औषधांच्या इतिहासातली विरळा गोष्ट. वाणी 2020 मध्ये वारले, वयाच्या 95 व्या वर्षी. 

हे दोन्ही रेणू पेशी फुटून दोन होते त्या कामात आडवे येतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी. पेशीला दोन व्हायचे तर आधी गुणसूत्रांची नक्कल करावी लागते. नंतर दोन्ही प्रती दोन टोकांना नेऊन वाटाव्या लागतात. वाटणीसाठी पेशी आयत्या वेळी बारीक नळ्यांचा सांगाडा उभा करते. त्या नळ्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या वड्या एकीवर एक जोडून बनतात आणि काम झाले की सुट्या होतात. खरे तर काम चालू असतानाही त्यांची वाढ-घट सतत सुरू असते. त्या वाढ-घटीतूनच गुणसूत्रे ओढली जातात. कोकणातल्या लग्नाच्या मांडवासारखाच हा प्रकार: आदल्या दिवशी बांधायचा, दुसऱ्या दिवशी सोडायचा. सदाफुलीतले औषध, ज्याची गोष्ट पुढे येईल, हा मांडव बांधूच देत नाही. टॅक्सॉल बांधलेला मांडव सोडू देत नाही. दोन्हीकडे लग्न मोडते आणि पेशी अर्धवट अवस्थेत अडकून मरते. टॅक्सॉलची ही उलटी चाल न्यूयॉर्कच्या सुझन हॉरविट्झ यांनी 1979 मध्ये दाखवली, तेव्हा कुठे औषध कंपन्यांचे डोळे उघडले. तोवर आठ वर्षे हा रेणू बहुतेकांच्या लेखी एक किचकट, पाण्यात न विरघळणारी पांढरी पूड होता.

कॅम्प्टोथेसिन पेशीला त्याच्याही आधी, नक्कल करण्याच्या टप्प्यावर गाठते. डीएनएची नक्कल होताना धाग्याला पीळ बसत जातो. तो उतरवण्यासाठी टोपोआयसोमरेज-1 हे प्रथिन धागा एका बाजूने कापते, पीळ सोडवते आणि पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन कापणे आणि जोडणे यांच्या मधल्या क्षणी येऊन बसते. धागा कापलेलाच राहतो, नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन आपटते आणि धागा पुरता तुटतो. हे 1985 मध्ये उलगडले. त्याआधी सत्तरच्या दशकात कच्चे कॅम्प्टोथेसिन रुग्णांना देऊन पाहिले होते. मूत्राशयातून रक्त जाऊ लागले आणि ते थांबवावे लागले. नेमका कुठे घाव बसतो हे कळल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी रेणूत बदल केले. जपानमध्ये इरिनोटेकान तयार झाले, अमेरिकेत टोपोटेकान. 1996 मध्ये दोन्हींना अमेरिकेची मान्यता मिळाली, इरिनोटेकान मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी, टोपोटेकान बीजांडकोशाच्या.

मंत्रिमहोदय, घाट राहू द्या. देवगडच्या कुठल्याही वाडीत जाऊन पाहा. चिऱ्याच्या गडग्याला लागून, तुळशीच्या बाजूला, गुलाबी-पांढरी सदाफुली बारा महिने फुललेली असते. कुणी मुद्दाम लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. मूळची ती मादागास्करची. 1952 मध्ये कॅनडातल्या नोबल बंधूंकडे जमैकाहून पाकिटातून तिची पाने आली, कारण तिकडे मधुमेहावर तिचा काढा घेत. रॉबर्ट नोबल यांनी उंदरांवर तपासले. साखरेवर परिणाम काही दिसेना. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने कमी झाल्या. साखरेचे औषध शोधणाऱ्याला हे अपयश वाटले असते. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बिअर यांनी उलटा विचार केला: पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तो आजार रक्ताचा कर्करोग. 1958 पर्यंत त्यांनी व्हिनब्लास्टिन वेगळे केले. पाठोपाठ एली लिली कंपनीने त्याच पानांतून व्हिन्क्रिस्टिन काढले, आणि 1963 मध्ये ते अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले.

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टिन आजही पहिल्या आठवड्यापासून लागते. परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेच्या कर्करोग संस्थेचे इयन मॅग्राथ यांनी 1984 मध्ये जो उपचारक्रम आखला, एमसीपी-841 या नावाने जो देशभर गेला, त्यातही ते होते. त्याआधी भारतात या आजाराची फार थोडी मुले वाचत. त्या उपचारक्रमानंतर निम्म्याहून अधिक वाचू लागली.

म्हणून सदाफुलीची पाने चावून खावीत काय? अजिबात नाही, आणि हे आपल्या आरोग्य खात्याने मालवणीतून, मोठ्या अक्षरांत सांगायला हवे. साखरेसाठी सकाळी अनशापोटी चार पाने, गाठ आली म्हणून काढा, हे उद्योग गावोगाव चालतात. पानात औषध इतके थोडे की एक ग्रॅम मिळवायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात; बाकीची कित्येक अल्कलॉइड्स कमी-जास्त विषारी. मात्रा कुठल्या पानात किती, कुणाला माहीत नाही. व्हिन्क्रिस्टिनची गोष्ट तर अशी की शिरेतून दिले तर औषध, चुकून पाठीच्या कण्यात टोचले गेले तर मृत्यू जवळजवळ ठरलेला. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये त्यासाठी खास इशारा काढला होता. अशा वस्तूचा काढा चुलीवर होत नसतो.

तिसरी आपल्या गडग्यावरची मानकरीण कळलावी. श्रावणात कुंपणाच्या काटेरी झुडपातून ती वर येते, पानाचे टोक मिशीसारखे वळवून आधार धरते आणि पिवळ्या बुडाची, लाल शेंड्याची, पाकळ्या मागे वळलेली फुले उघडते. गणपतीच्या माटवीत कवंडळ, कांगण्यांच्या शेजारी तीही टांगलेली दिसते. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. ट्युब्युलिन हे प्रथिन शास्त्रज्ञांच्या हाती लागले तेच मुळी कोल्चिसिनचा माग काढत, 1967 मध्ये. कर्करोगावर मात्र ते चालले नाही; मारणारी मात्रा आणि बरे करणारी मात्रा यांत अंतर फारच कमी. गाऊटवर ते थोड्या प्रमाणात दिले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ 1937 पासून ते रोपांवर लावतात: गुणसूत्रांची नक्कल होते, वाटणी होत नाही, आणि दुप्पट गुणसूत्रांचे रोप मिळते. बिनबियांचे कलिंगड त्याच युक्तीतून आले. कुणी कळलावीचा कंद खाल्ला तर आधी उलट्या-जुलाब, मग काही दिवसांत अस्थिमज्जा बंद पडते, केस झडतात. केमोथेरपीचे दुष्परिणाम जसेच्या तसे, कारण घाव त्याच यंत्रावर बसतो.

आणि त्या दुष्परिणामांविषयी रुग्णालयात कुणी नीट सांगत नाही, म्हणून इथे चार ओळी. ही औषधे कर्करोगाची पेशी ओळखत नाहीत. जी पेशी फुटत असेल तिला गाठतात. केसांची मुळे, आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा रोज फुटत असतात, म्हणून तिथे मार पडतो. मज्जातंतू फुटत नाहीत, तरी टॅक्सॉल आणि व्हिन्क्रिस्टिन घेतलेल्यांच्या बोटांना मुंग्या येतात, तळपाय बधिर होतात. कारण त्याच नळ्या मज्जातंतूंत माल वाहून नेण्याच्या वाटा असतात. टाटाहून परत आलेल्या माणसाला सदऱ्याचे बटण लागत नाही, जाळ्याची गाठ सुटत नाही, आंबा दाबून पाहिला तर पिकला की नाही ते कळत नाही. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, भात खा. तो अशक्तपणा नसतो. डॉक्टरला वेळेत सांगितले तर मात्रा कमी करता येते.

एवढा मार कमी व्हावा म्हणून शास्त्रज्ञांनी एक साधा वाटणारा मार्ग घेतला. नळ्या मज्जातंतूंतही आहेत, तर नळ्यांना हातच लावायचा नाही; फक्त पेशी फुटतानाच कामाला येतात ती प्रथिने अडवायची. 1999 मध्ये हार्वर्डमध्ये मोनॅस्ट्रॉल नावाचा छोटा रेणू सापडला, जो दोन टोके एकमेकांपासून दूर ढकलणाऱ्या मोटर-प्रथिनाला थांबवत होता. मग ऑरोरा, पोलो अशा नावांच्या प्रथिनांविरुद्ध औषधे निघाली. काचेच्या बशीत सगळी उत्तम चालली, माणसांत बहुतेक निराशा पदरी आली. माणसाच्या गाठीतल्या पेशी बशीतल्यासारख्या भराभर फुटत नाहीत, हे एक कारण. नंदुरबारच्या माणसाने पन्नास वर्षांपूर्वी सालीतून काढलेले औषध आजही वॉर्डात टिकून आहे आणि संगणकावर बेतलेले कितीतरी रेणू कपाटात गेले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अपवाद एक मोठा. पेशीने फुटायचे की नाही हा निर्णय होतो त्या दारावर सीडीके नावाची प्रथिने असतात. पेशीचक्राच्या या नियंत्रणाच्या शोधासाठी हार्टवेल, हंट आणि नर्स यांना 2001 चे नोबेल मिळाले. त्यातल्या चौथ्या आणि सहाव्या सीडीकेला अडवणारी पाल्बोसिक्लिब ही गोळी 2015 मध्ये आली आणि स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात कामाची ठरली. भारतात 2023 च्या सुरुवातीला तिचे पेटंट संपले, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत कोसळली. तोवर जी गोळी फक्त श्रीमंतांची होती ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आपल्या राज्यातही या विषयावर काम होते. पवईच्या आयआयटीत दुलाल पांडा आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवले की गजकर्णावरची जुनी, स्वस्त ग्रिसिओफुल्विनची गोळी याच नळ्यांची वाढ-घट मंदावते. ते कर्करोगाचे औषध झालेले नाही. पण रोजच्या औषधांच्या कपाटातही असे रेणू दडलेले असतात, हे त्यातून कळले.

समुद्रही मागे नाही, आणि हे देवगडच्या बंदरावरून लिहिताना सांगितलेच पाहिजे. जपानच्या किनाऱ्यावरच्या एका काळ्या स्पंजात 1986 मध्ये सापडलेल्या रेणूवरून एरिब्युलिन बनले. 2010 पासून ते स्तनाच्या कर्करोगात दिले जाते. हिंदी महासागरातल्या एका समुद्री गोगलगायीतल्या रेणूवरून दुसरे. दोन्ही ट्युब्युलिनवरच काम करतात. आपल्या खडपांवर ओहोटीला काय काय चिकटलेले असते याची मोजदाद फारशी कुणी केलेली नाही.

आता नरक्याकडे परत. 2019 च्या डिसेंबरात अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान या औषधाला मान्यता मिळाली. कर्करोगाच्या पेशीला नेमके ओळखणारे एक प्रतिपिंड, आणि त्याच्या अंगावर बांधलेले सुमारे आठ विषारी रेणू. त्या रेणूंची ठेवण कॅम्प्टोथेसिनची. पुढच्याच वर्षी आलेल्या सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकानच्या पाठीवर तर इरिनोटेकानचेच शरीरात होणारे रूप आहे. ज्या रेणूला सत्तरच्या दशकात विषारी म्हणून बाजूला सारले, तो आज जगातल्या सर्वांत महागड्या कर्करोग औषधांच्या पोटात बसला आहे. ही मागणी ओसरणारी नाही. प्रयोगशाळेत कॅम्प्टोथेसिन 1971 मध्येच बनवून दाखवले होते, पण झाडातून काढणे परवडते, म्हणून कोयता थांबत नाही. जम्मूच्या शास्त्रज्ञांनी नरक्याच्याच आत राहणारी एक बुरशी 2005 मध्ये शोधली, जी स्वतः हा रेणू बनवते. पण अशा बुरशा झाडाबाहेर वाढवल्या की उत्पादन घटत जाते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या मंडळींनी 2001 मध्ये नरक्याच्या पेशी द्रवात वाढवून पाहिल्या. वाट आहे, अजून लांब आहे.

यू झाडाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. एक किलो टॅक्सॉलसाठी सुमारे दहा टन साल लागे, आणि साल सोलली की झाड मेले. अमेरिकेत त्यावरून रान उठले. फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या गटाला युरोपातल्या यू झाडाच्या पानांत टॅक्सॉलचा कच्चा गाभा सापडला. पाने खुडली तरी झाड राहते, कुंपण छाटल्यासारखे पुन्हा फुटते. पुढे कंपन्यांनी यूच्या पेशी टाक्यांत वाढवल्या. जंगल बऱ्यापैकी सुटले. आपल्याकडे मात्र हिमालयातला यू औषधापायी इतका ओरबाडला गेला की 1995 मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आणावा लागला. पश्चिम घाटातल्या अभ्यासकांनी नरक्यालाही धोक्यातल्या औषधी वनस्पतींत केव्हाच नोंदवले आहे.

मग आपण काय करावे?

वनरक्षकांनी पोती पकडत राहावे, त्याला पर्याय नाही. पण नुसत्या धरपकडीने ज्या मालाला जगभर गिऱ्हाईक आहे तो माल थांबल्याचे उदाहरण कुठे नाही. खरी मागणी अशी की जिल्हा नियोजन समितीने नरक्याच्या लागवडीचा एक नीट प्रकल्प हाती घ्यावा, आणि तो या जिल्ह्याला जे येते त्यावर उभा करावा. नरक्याच्या झाडाझाडांत कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण फार वेगळे असते; काही झाडांत ते सरासरीच्या कित्येक पट भरते, हे पश्चिम घाटातल्या पाहणीतून दिसले आहे. चांगले झाड हेरायचे, त्याची रोपे करायची, ती शेतकऱ्याच्या बांधावर पोचवायची, हे काम सिंधुदुर्गाला नवे नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूचे हेच केले. वेंगुर्ला-1 ही जात अन्सूरच्या एका निवडक झाडातून आली आणि आज काजूच्या बागा त्यावर उभ्या आहेत. देवगड तालुक्यात रामेश्वरला आंबा संशोधन उपकेंद्र आहे. कोय कलम बांधणारे हात इथे घराघरात आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला आपण विचारावे: नरक्या बियांनी चांगला येतो की छाटाने, कलम धरते का, मुळासकट न उपटता वर छाटून किती वर्षे माल मिळतो. सह्याद्रीच्या पायथ्याची पडीक वरकस जमीन त्यासाठी शोधावी. देवगडच्या खारट वाऱ्यात हे झाड कदाचित तग धरणार नाही. फोंडा, वैभववाडी, आंबोलीकडे धरेल.

कायद्याची बाजूही आपल्याच हातात आहे. जैवविविधता कायदा 2002 चा आहे. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असायची, लोकजैवविविधता नोंदवही असायची. नरक्या असलेल्या गावांच्या नोंदवहीत नरक्या लिहिला आहे का, हे एका पत्राने कळेल. 2023 च्या दुरुस्तीने लागवडीतल्या औषधी वनस्पतींना सूट दिली आहे, पण त्यासाठी माल लागवडीतलाच आहे असा समितीचा दाखला लागतो. समिती कागदावरच राहिली तर प्रामाणिक शेतकऱ्याला दाखला मिळणार नाही आणि चोरट्याला त्याची गरजच नाही. जप्त झालेल्या नरक्याचे पुढे काय होते, लिलाव होतो, नष्ट होतो की गोदामात पडून राहतो, याचाही हिशेब दरवर्षी जाहीर करावा. त्यात खर्च काही नाही.

दुसरी बाजू रुग्णाची. देवगडच्या माणसाला गाठ निघाली की कणकवलीला गाडी पकडून मुंबई, नाहीतर गोव्यातले बांबोळी, नाहीतर कोल्हापूर. निदान आणि शस्त्रक्रिया मोठ्या ठिकाणी व्हावी हे बरोबरच. पण पॅक्लिटॅक्सेलची आठवड्याची बाटली टांगण्यासाठी दर खेपेला परळच्या फुटपाथवर रात्र काढायची गरज नाही. केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात डे-केअर कर्करोग केंद्र देण्याची घोषणा झाली आहे. ओरोसला आता वैद्यकीय महाविद्यालय आहे. टाटाच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग ग्रीडने रुग्णालयांची एकत्र खरेदी करून चाळीस औषधांचे भाव प्रचंड खाली आणून दाखवले. त्या खरेदीत आपला जिल्हा जोडला जावा. आणि ओरोसला केमो कुठल्या वारी, कोणती औषधे शिल्लक, राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत काय बसते, हे देवगड, वैभववाडी, दोडामार्गच्या रुग्णालयाबाहेर फळ्यावर खडूने लिहावे. मोबाइल ॲप नको. फळाच हवा, देवगडची म्हातारी तो वाचते.

ही दोन कामे वेगवेगळ्या खात्यांची आहेत, हे पत्र लिहिणाऱ्यालाही ठाऊक आहे. वनखाते एका मंत्र्याकडे, आरोग्य दुसऱ्याकडे, कृषी विद्यापीठ तिसऱ्याकडे. पण तिघांच्याही कागदांवर सिंधुदुर्गासाठी एकच माणूस बसतो, आणि ती खुर्ची आपली आहे. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत नरक्याचा विषय घ्यावा, वेंगुर्ला आणि दापोलीच्या शास्त्रज्ञांना तिथे बोलवावे, आणि त्याच बैठकीत ओरोसच्या केमो केंद्राचा आढावा मागवावा, ही विनंती.

आपला,
एक देवगडकर